पोटॅशियम राखणारी लघवीची गोळी : फायदा मोठा, पण रक्ततपासणी हवीच

हृदय कमकुवत झालं, लिव्हरच्या आजारात पोटात पाणी साठलं किंवा तीन-तीन गोळ्या घेऊनही बीपी उतरत नसलं, तर डॉक्टर अनेकदा स्पायरोनोलॅक्टोन देतात. नेहमीच्या लघवीच्या गोळ्यांनी पाण्याबरोबर पोटॅशियमही निघून जातं. ही गोळी मात्र ते शरीरात राखते. फायदा यातच आहे आणि धोकाही यातच.

रक्तात पोटॅशियम साधारण ३.५ ते ५ असावं लागतं. ते फार वाढलं तर हृदयाचे ठोके बिघडतात, हृदय बंदही पडू शकतं. आणि बऱ्याचदा आधी काहीच जाणवत नाही.

१९९९ साली ‘रेल्स’ या अभ्यासात गंभीर हार्ट फेल्युअरच्या १,६६३ रुग्णांपैकी ज्यांना ही गोळी दिली, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांनी कमी दिसलं. मग ती सर्रास लिहून दिली जाऊ लागली. कॅनडातल्या ऑन्टारियोत हार्ट फेल्युअरच्या वृद्ध रुग्णांमध्ये पोटॅशियम वाढून दवाखान्यात भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये ११ झालं. गोळी तीच होती, लक्ष कमी पडलं.

म्हणून आम्ही वाचकांना सांगू इच्छितो :

• गोळी सुरू झाल्यावर आठवडाभरात, मग महिन्याने आणि पुढे डॉक्टर सांगतील तेव्हा पोटॅशियम व क्रिएटिनिन तपासून घ्या. किडनीचा त्रास, शुगर किंवा वय जास्त असेल तर टाळाटाळ नकोच.
• टेल्मिसार्टन, रामिप्रिल या बीपीच्या गोळ्यांनीही पोटॅशियम वाढतं. त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.
• गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन परस्पर आणू नका.
• बीपीसाठी चांगलं म्हणून विकलं जाणारं ‘लो सोडियम’ मीठ टाळा, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. रोज नारळपाणी नको.
• जुलाब-उलट्या झाल्या, तर गोळी घ्यायची की थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा.
• रमजानमध्ये दिवसभर पाणी नसतं आणि इफ्तारला खजूर, फळं जास्त होतात. त्यामुळे रोजे सुरू होण्याआधीच डॉक्टरांना भेटा. गोळीची वेळ मनाने बदलू नका.

पुरुषांमध्ये छाती दुखणं किंवा स्तन सुजणं हा या गोळीचा ओळखीचा त्रास आहे. लाजू नका, दुसरी गोळी मिळू शकते. हातापायात एकदम अशक्तपणा, छातीत धडधड किंवा चक्कर आली, तर थेट दवाखाना गाठा.