लक्ष वळवणे हाही उपचारच

लसीकरणाच्या दिवशी अंगणवाडीत मूल रडू लागले की आजूबाजूचे कोणीतरी म्हणते, ‘गप बस, नाहीतर सिस्टर अजून एक सुई टोचतील.’ म्हणणाऱ्याच्या मनात वाईट काही नसते. पण त्या वाक्याने मुलाचे सगळे लक्ष सुईवर खिळते आणि लस म्हणजे शिक्षा, हे त्याच्या मनात पक्के बसते. याच्या नेमके उलटे करता येते. त्याला फारसा पैसा लागत नाही आणि त्याने मुलाचा त्रास खरोखर कमी होतो. सुई टोचताना मुलाचे लक्ष दुसरीकडे वळवणे हे लाड पुरवणे नव्हे; लस थंड ठेवण्याइतकेच ते आरोग्यसेवेचे काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

‘घटकाभराचे रडणे, त्याचे एवढे काय?’ हा पहिला आक्षेप. पण राष्ट्रीय वेळापत्रकानुसार दोन वर्षांच्या आत बाळाला डझनभराहून अधिक सुया टोचल्या जातात. दीड महिन्याचे असताना एकाच बैठकीत तीन : डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत न्यूमोकोकल आणि उजव्या दंडावर कातडीत पोलिओची. पुढे पाचव्या, दहाव्या, सोळाव्या वर्षी पुन्हा सुई आहेच. मध्येच कुत्रा चावला तर रेबीजच्या लसीसाठी चार-पाच खेपा. लहानपणीचे दुखणे क्षुल्लक असते, ही समजूतही टिकलेली नाही. नवजात बाळांना वेदना फारशी कळत नाही, असे मानून १९८०च्या दशकापर्यंत त्यांच्यावर पुरेशा भुलीविना शस्त्रक्रिया होत असत. डॉ. कंवलजीत सिंग आनंद या भारतीय वंशाच्या डॉक्टरांनी १९८७ साली सहकाऱ्यांसह पुरावे मांडून ही समजूत मोडून काढली. २०१२ साली कॅनडात प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत ६३ टक्के मुलांनी आणि २४ टक्के पालकांनी सुईची भीती वाटते असे सांगितले. भीतीपोटी लस टाळणारेही त्यांत होते. म्हणजे घटकाभराचे रडणे पुढच्या डोसच्या आड येऊ शकते.

लक्ष वळवल्याने वेदना कमी का व्हावी? रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली असे मांडले की, वेदनेचा संदेश मेंदूकडे जाताना मज्जारज्जूत कमी-जास्त होतो आणि त्यावर मेंदूचाही अंमल चालतो. २०१२ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या संशोधकांनी प्रौढांच्या हाताला चटका देत त्यांना स्मरणशक्तीचे सोपे आणि अवघड काम करायला लावले. काम अवघड असताना वेदना कमी जाणवली, एवढेच नव्हे तर मज्जारज्जूतली तिची खूणही क्षीण झाली. शरीरात तयार होणाऱ्या अफूसारख्या द्रव्यांना रोखणारे औषध दिल्यावर हा फायदा घटला. तेव्हा लक्ष वळवणे ही निव्वळ मनाची समजूत नाही. त्याचा परिणाम शरीरात दिसतो.

मुलांबाबतचा पुरावा काय सांगतो? सुईच्या वेदनेवरील मानसिक उपायांचा, कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेचा २०१८चा आढावा ५९ चाचण्यांचा आणि ५,५५० मुलांचा होता. लक्ष वळवल्याने वेदना आणि त्रास कमी होतो, असा कौल त्यातून मिळाला. मात्र पुराव्याचा दर्जा कमी असल्याचेही आढावाकारांनी नोंदवले. ही उणीव लपवू नये. पण गोष्ट सांगितली जाते आहे हे मुलालाही दिसते आणि तपासणाऱ्यालाही, त्यामुळे गोळ्यांच्या चाचणीसारखे, कोणाला काय दिले हे येथे गुप्त ठेवता येत नाही. धोका नगण्य आणि खर्च जवळपास शून्य असताना यापेक्षा भक्कम पुराव्याची वाट पाहत बसणे मुलांवर अन्याय करणारे आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ साली सहा वर्षांखालील मुलांसाठी हा उपाय सुचवला.

प्रत्यक्षात हे वयानुसार बदलते. दीड महिन्याच्या बाळासाठी आईचे दूध हाच उत्तम उपाय : सुईच्या थोडे आधी आणि सुई टोचताना पाजावे. नऊ महिन्यांच्या बाळाला आडवे दाबून धरू नये. आईच्या मांडीवर, छातीशी बसवावे आणि आशाताईने समोरून खुळखुळा हलवावा. पाच वर्षांच्या मुलाच्या हाती तुळजापूरच्या यात्रेत मिळते तसले भिरभिरे द्यावे. ‘मोठी फुंकर मार, थांबू देऊ नकोस,’ म्हणावे आणि ते फिरत असतानाच सुई टोचावी. येथे लांब श्वास आणि गुंतलेले लक्ष एकाच वेळी कामाला येतात. मोबाइलवरचा व्हिडिओही चालतो, पण मूल स्वतः काही करत राहील तर अधिक बरे. एकापेक्षा जास्त सुया असतील तर सर्वांत झोंबणारी शेवटी द्यावी.

‘सिस्टरना एवढा वेळ कुठे?’ हा आक्षेप रास्त आहे. पण खेळवण्याचे काम सिस्टरचे नाहीच. ते आई, आजी किंवा आशाताईचे आहे, आणि शांत मुलाला लस देणे धडपडणाऱ्या मुलापेक्षा सोपे जाते. ‘ही फसवणूक नव्हे का?’ असेही विचारले जाते. ‘अजिबात दुखणार नाही’ ही फसवणूक आहे. ‘थोडे टोचेल, तोवर आपण भिरभिरे फिरवू’ यात खोटे काहीच नाही. एखाद्या मुलाला सुईकडे पाहायचेच असेल तर पाहू द्यावे. मात्र भाजलेल्या जखमेचे ड्रेसिंग करताना किंवा हाड बसवताना गोष्टीवर भागवू नये. तिथे वेदनाशामक आणि भूल हा मुलाचा हक्क आहे, लक्ष वळवणे ही फक्त जोड.

धाराशिव जिल्ह्यासाठी हा प्रश्न अधिक जवळचा आहे. २०१८ साली केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत हा जिल्हा आला आणि त्या मोजमापात मुलांचे पूर्ण लसीकरणही आहे. कळंब, वाशी, भूम, परंडा भागातली कुटुंबे ऊसतोडीला महिनोन् महिने बाहेर राहतात. लेकरांचे डोस लांबणीवर पडतात. परतलेली आई राहिलेल्या डोससाठी पुन्हा यावी असे वाटत असेल, तर आधीच्या खेपेची तिची आठवण बरी असायला हवी. म्हणून लसीच्या डब्याबरोबर चार खेळणी जावीत, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या बैठकीत आशाताईंना या पद्धतीचा सराव द्यावा, आणि सुईचा धाक घालणारे ते वाक्य घराघरातून बंद व्हावे. लस मुलाच्या भल्याची आहे, हे त्याला कळायला वर्षे लागतील. ती देणारी माणसे आपल्या बाजूची आहेत, हे मात्र त्याला त्याच दिवशी कळू शकते.