अमेरिकी शेतकरी घराण्याच्या मुळाचा शोध
अमेरिकेत जनगणना १७९० पासून दर दहा वर्षांनी होते, पण १८४० पर्यंत तिच्यात नाव असे ते फक्त कुटुंबप्रमुखाचे. बायको, मुले, म्हातारी आई हे सारे वयोगटांच्या रकान्यांतले आकडे. सगळ्या स्वतंत्र माणसांची नावे नोंदवली गेली ती १८५० पासून. म्हणून शोध अलीकडून पलीकडे न्यावा लागतो. १९०० च्या नोंदीत जन्माचा महिना आणि वर्ष मिळते; १८८० च्या नोंदीत प्रमुखाशी असलेले नाते आणि आईवडिलांचे जन्मस्थान. मधली १८९० ची कागदपत्रे मात्र जवळजवळ सगळी गेली. १९२१ मध्ये वॉशिंग्टनला त्यांना आगीची झळ लागली आणि उरलेले कागद पुढे सरकारनेच नष्ट केले.

जन्मनोंदणीचा आधार फार नाही. मॅसॅच्युसेट्सने ती १८४१ मध्ये सुरू केली, पण अनेक राज्यांत ती विसाव्या शतकात आली. तोवर नोंदवही म्हणजे घरातले बायबल. त्यातल्या तारखा वाचण्याआधी ग्रंथ कधी छापला ते पाहावे. छपाईच्या आधीचे जन्म अर्थातच मागाहून लिहिलेले असतात.

खरा ऐवज सापडतो तो जमिनीच्या आणि पेन्शनच्या कागदांत. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर जमीन मिळे, पण पाच वर्षे तिथे राहून ती कसल्याचे दाखवावे लागे. त्या फायलीत घर, नांगरलेले क्षेत्र, शेजाऱ्यांच्या साक्षी असे सगळे असते. यादवी युद्धात उत्तरेकडून लढलेल्या सैनिकाच्या विधवेला पेन्शनसाठी लग्न आणि मुलांचे जन्म सिद्ध करावे लागत. काहींनी त्यासाठी बायबलची पानेच फाडून पाठवली. सरकारी कारकुनाचा संशय वंशावळ शोधणाऱ्यांच्या असा पथ्यावर पडला.

बायकांचे माहेर शोधणे सर्वांत अवघड. तिथे बापाचे मृत्युपत्र कामी येते, कारण त्यात मुलगी सासरच्या नावाने दिसते. खरेदीखतावरचा साक्षीदार पुष्कळदा मेहुणा किंवा सासरा निघतो. नातलग आणि शेजारी व्हर्जिनियाहून केंटकीला, तिथून मिसुरीला असे बरोबरच सरकत. त्यामुळे एकाच नावाच्या दोन माणसांतला आपला कोणता, हे शेजाऱ्यांच्या नावांवरून ठरवता येते. मात्र काउंट्यांच्या, म्हणजे राज्यांतल्या जिल्ह्यांच्या, हद्दी बदलत गेल्या. कुटुंब जागचे हललेले नसतानाही त्याचे कागद दोन-तीन कचेऱ्यांत विखुरलेले असू शकतात, आणि त्यातली एखादी कचेरी जळालेलीही असते.

गुलामगिरीत असलेल्या कुटुंबांसाठी हा मार्ग १८७० पाशी अडतो. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाच्या नावाखाली वय, लिंग आणि वर्ण आहे, पण माणसाचे नाव जवळजवळ नाहीच. पुढचा शोध मालकाची मृत्युपत्रे आणि मालमत्तेच्या याद्या यांतून घ्यावा लागतो. मुक्त झालेल्यांसाठी १८६५ मध्ये निघालेली फ्रीडमन्स बँक १८७४ मध्ये बुडाली आणि ठेवीदारांचे पैसे अडकले. पण तिच्या खातेवह्यांत अनेकांचे आईबाप, भावंडे आणि काही ठिकाणी जुन्या मालकाचे नावही लिहिलेले आहे.