डंकावरची भगभग

एप्रिलची दुपार. कोल्हापुरातल्या एका पेठेत पत्र्याच्या शेडखाली चटणीचा डंक चालू आहे. मोटारीवर फिरणारा दांडा एकेक लोखंडी मुसळ उचलतो आणि सोडून देतो. धप, धप, धप. प्रत्येक घाव चपलेतून तळपायात चढतो. बाहेर बायकांची रांग. कुणापुढं डबा, कुणापुढं पिशवी. तिखटासाठी संकेश्वरी, रंगासाठी ब्याडगी, सोबत भाजलेले धणे, तीळ, खोबरं.

आत पाऊल टाकताच मला ठसका लागतो. नाकाला धार, डोळ्यांना धार. धण्याखोबऱ्याचा वास येतो, तोही थोडाच वेळ. मग तो विरतो. वास शेडमध्ये तसाच आहे, माझ्या नाकातले ग्राही तेवढे थंडावलेत. तिखटाचं मात्र तसं लवकर होत नाही, कारण ते वासाच्या वाटेनं येतच नाही. ते येतं चेहऱ्याच्या मोठ्या चेतेच्या, ट्रायजेमिनलच्या, वाटेनं. आणि या चेतेचं काम वेदना, ऊन-थंड, स्पर्श कळवायचं. म्हणून तर जिथं चवीचा पत्ता नाही तो डोळाही झोंबतो.

मिरचीतलं कॅप्सेसिन चेतेच्या टोकावरच्या एका प्रथिनाला जाऊन चिकटतं. टीआरपीव्ही-१ हे त्याचं नाव. तापमान साधारण ४३ अंशांच्या वर गेलं की त्याचं दार उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन आत घुसतात आणि मेंदूकडं ‘भाजतंय’ अशी वर्दी जाते. कॅप्सेसिन हेच दार उन्हातान्हाविना उघडतं. शेडमध्ये काही पेटलेलं नाही, पण वर्दी आगीचीच. अमेरिकेत डेव्हिड ज्युलियस आणि सहकाऱ्यांनी १९९७ साली हा ग्राही शोधला तो मिरचीचाच धागा धरून.

“आई गं, हात नुसते भगभगतायत!” रांगेतली एक तरुण सून नळाखाली हात धरून उभी आहे. घरी मिरच्यांचे देठ तिनंच काढलेत.

“पाण्यानं काय व्हतंय गं? आधी तेल चोळ, मग साबण लाव,” शेजारची मावशी म्हणते. मावशीचं बरोबर आहे. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं.

एवढ्यात चहा येतो. सून पेला हातात घेते आणि लगेच खाली ठेवते. चहा बेताचाच गरम आहे, मी पितोय की. पण कॅप्सेसिन बसलेला ग्राही ४३ अंशांची वाट बघत नाही. त्याला अंगाची ऊबदेखील पुरते. रात्री कोमट पाण्यानं अंघोळ करताना तिला हे पुन्हा कळणार.

डंकवाले मामा मात्र उघड्या तोंडानं मुसळांखालची चटणी हलवतायत. शिंक नाही, पाणी नाही. “सवय,” एवढंच म्हणतात. सतत कॅप्सेसिन लागलं की ही चेता-टोकं बधिर होत जातात. नागिणीनंतर मागं राहणाऱ्या वेदनेवर डॉक्टर कॅप्सेसिनची पट्टी लावतात, त्यामागं हेच. मामांचं नाक त्यांच्या धंद्यानंच असं करून ठेवलंय, हे मला जरा अवघडच वाटतं.

बोटं मात्र त्यांची तल्लख आहेत. चिमूटभर चटणी अंगठ्याखाली चोळतात आणि डोकं हलवतात. “भरड हाय. अजून एक घाणा.” मला तर ती मैद्यासारखी लागते. कातडी दबली, ताणली की उघडणारे ग्राही वेगळे, पिएझो नावाचे. अर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेनं ते पेशींना बारीक काचनळीनं टोचून हुडकले, २०१० मध्ये. २०२१ चं नोबेल ज्युलियस आणि पटापुटियन यांना मिळून मिळालं. इथं दोघांचंही काम एकाच माणसाच्या अंगात चालू आहे.

दारात एक कोंबडी सांडलेलं मिरचीचं बी टिपतेय, खुशाल. टीआरपीव्ही-१ पक्ष्यांतही असतो, पण त्यांच्या दाराला कॅप्सेसिनची किल्ली लागत नाही. रानमिरचीच्या हे पथ्यावरच पडतं: सस्तन प्राणी बी दातांनी चिरडतात, पक्षी मात्र ते दूरवर नेऊन टाकतात.

“हूश!” मामा तिला हाकलतात. “वैनी, कांदा-लसूण आत्ताच घालू, का घरी घालताय?”

“आत्ताच घाला,” सून म्हणते, तेलकट हात पदरापासून लांब धरत.