पिवळ्या आईची काळी पिल्लं

पिवळी लॅब्रॅडॉर मादी आणि रॉटवायलर नर यांची पिल्लं कोणत्या रंगाची होतील? बापासारखी काळी, भुवयांवर नि गालांवर तांबूस ठिपके असलेली? की आईसारखी पिवळी? बहुतेक वेळा यातलं काहीच होत नाही. ती निघतात नखशिखान्त काळी.

ही जादू अशी घडते. केसांना रंग देणाऱ्या पेशींवर एक रिसेप्टर असतो. ‘काळा रंग कर’ असा निरोप एक छोटं प्रथिन त्याच्यापर्यंत पोचवतं. गंमत म्हणजे हे प्रथिन ज्या कुळातलं आहे, त्यातली बाकीची मंडळी जंतूंशी लढण्याचं काम करतात! लॅब्रॅडॉरमध्ये हा निरोप जवळजवळ नेहमीच असतो. पिवळ्या लॅबचा रिसेप्टरच निकामी असल्यामुळे तो वाचला मात्र जात नाही. रॉटवायलरचं नेमकं उलट: रिसेप्टर धडधाकट, पण हा निरोप नाही, म्हणून दुसरं जनुक ठिकठिकाणी तांबूस रंग भरतं. पिल्लाला आईकडून निरोप मिळतो, बापाकडून तो वाचणारा रिसेप्टर. दोघांतही दडून राहिलेला काळेपणा पिल्लात उघडा पडतो. असं पिल्लू पाहून ‘याचा बाप रॉटवायलर’ हे कोण ओळखेल?

आकाराचं कोडं तर आणखी मजेदार आहे. २००७ मध्ये शास्त्रज्ञांना कुत्र्यांच्या आकारमानाशी जोडलेलं एक महत्त्वाचं जनुक सापडलं. त्याचं एक रूप छोट्या जातींत सर्रास आढळतं, अवाढव्य जातींत क्वचितच. याला ठळक अपवाद निघाला रॉटवायलर! नर सुमारे पन्नास किलोचा, आणि जनुक मात्र लहानखुऱ्या कुत्र्यांचं. आकार ठरवणारी जनुकं अनेक असतात, म्हणून इतर जनुकांच्या जोरावर तो थोराड होतो. संकरात ही सगळी जनुकं नव्याने पिसली जातात. त्यामुळे पिल्लू मोठेपणी किती भरेल, याचा नेमका अंदाज कुणालाच देता येत नाही.

मग स्वभावाचं काय? घरात कुत्रा आणणाऱ्याच्या मनात खरी धाकधूक तिथेच असते. २०२२ मध्ये अमेरिकी संशोधकांनी अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून वागणुकीची माहिती घेतली आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचं डीएनए तपासलं. त्यात मिश्र कुत्रे भरपूर होते. निष्कर्ष असा, की एकेका कुत्र्याच्या वागण्यातल्या फरकांपैकी जातीमुळे पडणारा फरक सरासरी ९ टक्केच. सांगितलेलं ऐकण्याची तयारी यासारख्या काही गुणांत जातीचा वाटा थोडा जास्त होता. कुत्रा किती लवकर बिथरतो, यात तो फारच कमी.

याचा अर्थ वंशाला काही किंमत नाही, असा नव्हे. रॉटवायलर मूळचा जर्मनीतल्या रॉटवाइल गावचा. खाटकांची गुरं बाजाराला हाकणं आणि मालाची गाडी ओढणं, हे त्याचं काम. रेल्वेने ते हिरावून घेतलं आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात जवळजवळ नामशेष झाली. पुढे पोलिसांच्या कामाने तिला तारलं. अंगाने रेटायची खोड अनेक रॉटवायलरांत आजही दिसते, आणि ती संकरात उतरू शकते. चाळीस किलोचा कुत्रा लाडाने जरी अंगावर रेलला, तरी तीन वर्षांचं पोर आडवं होतं. म्हणून लहान मुलं असलेल्या घरात मोठ्या माणसाची नजर हवीच.

‘मिश्र म्हणजे निरोगी’ हेही अर्धसत्य. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत लष्कराच्या श्वानकेंद्रात जायंट श्नाउझर, एअरडेल, रॉटवायलर अशा जातींच्या संकरातून काळा रशियन टेरियर घडवला गेला. स्वरयंत्राच्या आणि पायांच्या नसा लुळ्या पाडणारा, पिल्लांच्या जिवावर बेतणारा एक आजार रॉटवायलरमध्ये ज्या जनुकदोषामुळे होतो, तोच दोष या टेरियरमध्येही सापडला. त्याच्या दोन प्रती एकत्र आल्या तरच आजार होतो, म्हणून तो दोष नसलेल्या जातीशी संकर झाला की पिल्लं बचावतात. खुब्याचा सांधा सैल बसण्याचा विकार मात्र अनेक जनुकांचा, आणि लॅब्रॅडॉर, जर्मन शेफर्ड, रॉटवायलर या तिन्ही जातींत आढळणारा. तिथे संकर फारसा कामी येत नाही. पिल्लाला गुबगुबीत होऊ न देणं जास्त उपयोगी.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने राज्यांना पत्र पाठवून रॉटवायलरसह तेवीस जाती आणि त्यांचे संकर यांची आयात, पैदास आणि विक्री यांवर बंदी सुचवली. कर्नाटक उच्च न्यायालयाने पुढच्याच महिन्यात ते पत्रक रद्द केलं. पण त्या काळ्याभोर पिल्लाला अशा यादीत कोणत्या खुणेवरून बसवणार होते?

तेव्हा रॉटवायलर-मिश्र कुत्रा घ्यायचा असेल तर नुसता रंग नि जबडा पाहून ठरवू नये. शक्य असेल तर त्याच्या आईला भेटावं. अनोळखी माणूस, लहान मूल, दुसरा कुत्रा यांच्यासमोर तो कसा वागतो, ते दोन-तीन वेळा जाऊन बघावं. पिल्लू असेल तर पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांतच त्याची माणसांशी, आवाजांशी, रहदारीशी ओळख करून द्यावी, आणि त्याच वेळी पशुवैद्याच्या सल्ल्याने लसी चुकवू नयेत. रॉटवायलरच्या पिल्लांना पार्व्हो या विषाणूजन्य आजाराचा धोका अधिक. रोज त्याच्यासोबत चालायला वेळ आणि दोरी धरायला हातात बळ असेल, तर हा सोबती घराला शोभेल. नसेल, तर दोष त्याच्या रक्ताला देऊ नये.