फोन घेताना आधी हात बघा

गावोगावच्या बैठकांना फिरताना आम्हा समन्वयक बायांना अलीकडे एक बदल दिसतोय. अंतर्गत कर्जाच्या मागणीत पूर्वी बी-बियाणे, शेळी, शाळेची फी, दवाखाना एवढेच असायचे. आता त्यात मोबाइल आलाय. यात वावगे काही नाही. बँकेचा ओटीपी फोनवर येतो, दुधाचा मेसेज फोनवर येतो, गटाचा हिशेबही आता फोनवर भरावा लागतो. फोन हे कामाचे अवजार झाले आहे.

पण साधे खुरपे घेताना आपण मूठ हातात धरून बघतो, आणि बारा हजारांचा फोन मात्र पोराने दाखवलेल्या फोटोवरून घेतो. त्याचे काय होते, ते आमच्याच एका गटात आम्ही पाहिले.

एका ताईंनी फोनसाठी गटातून १२,००० रुपये उचलले. फोन मुलाने निवडला. मागची बाजू काचेची, अगदी आरशासारखी. बैठकीत सगळ्यांनी हातात घेऊन पाहिला, आम्हीही कौतुक केले. चौथ्या महिन्यात बैठक संपल्यावर ताई उठल्या, मांडीवरचा फोन घसरला आणि शहाबादी फरशीवर कोपऱ्यावर पडला. पुढची स्क्रीन आणि मागची काच मिळून दुरुस्तीचे साडेचार हजार सांगितले. तेवढे पैसे नव्हते. उरलेले सहा हप्ते ताईंनी बंद फोनचे भरले. मधल्या दोन बैठकांना त्या आल्याच नाहीत. घरी जाऊन विचारले तर म्हणाल्या, “कुठल्या तोंडाने येऊ? घरात रोज ऐकतेय, तुला कशाला पाहिजे होता फोन म्हणून.”

हे आम्हाला फार लागले. कर्ज देताना आम्ही परतफेडीचे सगळे विचारले होते. फोन कुठला, तो कोण वापरणार, कुठे ठेवणार, हे एकीनेही विचारले नव्हते. म्हणून आज त्याच प्रश्नांबद्दल बोलू.

आकार : पाचशेची नोट घेऊन जा

जाहिरातीत सांगतात, साडेसहा इंच, पावणेसात इंच. हे माप स्क्रीनच्या एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरके धरलेले असते. फोन मुठीत बसेल की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते ठरते रुंदीवर. तेवढ्याच इंचाचे दोन फोन असले तरी एक अरुंद आणि एक रुंद असू शकतो.

दुकानात पट्टी न्यायची गरज नाही. आपली पाचशेची नोट ६६ मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर लांब असते. ती फोनवर ठेवून बघा. हल्लीचे मोठे फोन ७६ ते ७८ मिलिमीटर रुंद भरतात, म्हणजे नोटेच्या बाजूला एक सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त फोन उघडा राहतो. आपल्या लहान पंज्याला तेवढ्यानेही फरक पडतो.

मग फोन एका हातात धरा आणि त्याच हाताचा अंगठा समोरच्या वरच्या कोपऱ्याकडे न्या. तिथे पोचायला तळहात सरकवावा लागला, की पकड सुटते. फोन पडतो तो अशाच वेळी, कारण आपल्या दुसऱ्या हातात पिशवी असते, लेकरू असते, नाहीतर कासरा असतो.

वजनही बघा. मोठा फोन दोनशे ग्रॅमच्या आसपास असतो. कव्हर चढवले की तो पावशेराच्या घरात जातो. कमरेला खोचलेला पावशेर दिवसभर वाकताना जाणवतो. म्हणून तुम्ही फोन जिथे ठेवता, तो बटवा किंवा पर्स दुकानात बरोबर न्या आणि फोन त्यात घालून बघा.

मोठा फोन वाईट असे आमचे म्हणणे नाही. सचिव ताई एका जागी बसून हिशेब भरणार असतील, चाळिशी लागली असेल, तर मोठी स्क्रीन सोयीची. पण नुसत्या अक्षरांसाठी मोठा फोन घेऊ नका. अक्षर मोठे करायची सोय फोनच्या सेटिंगमध्ये असते. दुकानदाराला ते करून दाखवायला सांगा आणि मग ठरवा.

रूप : पकड आणि बोटाचा ठसा

काचेची पाठ चमकते, पण गुळगुळीत असते आणि पडली की तडकते. प्लॅस्टिकच्या पाठीवर ओरखडे पडतात, तरी ती सहसा फुटत नाही. शिवाय ज्या रूपासाठी जास्त पैसे मोजले, ते पहिल्याच दिवशी कव्हरखाली झाकले जाते. कडेला वळलेली स्क्रीन दिसायला छान, पण तिच्यावर टेम्पर्ड ग्लास नीट बसत नाही आणि बदलायची झाली तर महाग पडते. सपाट स्क्रीन आपल्या कामाची.

कव्हर घेताना त्याची कड स्क्रीनपेक्षा थोडी वर आलेली असावी. फोन पालथा पडला तर आधी कड टेकते. आणि फोन घ्यायच्या आधी तालुक्याच्या बाजारात एक चक्कर मारा. या मॉडेलचे कव्हर, ग्लास आणि स्क्रीन इथे मिळते का, स्क्रीनला किती पडतात, ते विचारा. मिळत नसेल तर तो फोन कितीही देखणा असला तरी आपल्यासाठी नाही.

आणखी एक गोष्ट दुकानातच करून बघायची. खुरपून, भांडी घासून आपल्या बोटांच्या रेषा झिजतात. रेशन दुकानात अंगठा उठत नाही, तसाच फोनवरही उठत नाही. आपला अंगठा लावून फोन पाच वेळा उघडून बघा. उघडला नाही तर आकड्यांचा पिन ठेवायचा, आणि तो स्वतःच्या लक्षात ठेवायचा.

टिकाऊपणा : पाणी, माती, ऊन

खोक्यावर ‘आयपी’ आणि पुढे दोन आकडे असतात. पहिला आकडा धुळीचा, तो जास्तीत जास्त ६. दुसरा पाण्याचा. आयपी ५४ म्हणजे धुळीपासून बऱ्यापैकी बचाव आणि पाण्याचे शिंतोडे चालतील, बुडवलेला चालणार नाही. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जाणार नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. पण ही चाचणी नव्या फोनवर आणि स्वच्छ पाण्यात झालेली असते. फोन एकदा आपटला की त्या आकड्यावर भरवसा ठेवू नये. पाणी शिरले तर बहुतेक कंपन्यांच्या वॉरंटीत ते बसत नाही, पडून फुटलेलेही बसत नाही. म्हणजे आकडा कितीही मोठा असला तरी धुणे धुताना फोन हौदाच्या कठड्यावर नको.

मातीचे नुकसान हळूहळू होते. वाळूतला गारगोटीचा कण काचेपेक्षा कठीण असतो. मातीच्या पदराने स्क्रीन पुसली की ओरखडा पडतो. टेम्पर्ड ग्लास लावली तर ओरखडा तिच्यावर जातो, आणि ती थोड्या पैशांत बदलता येते.

उन्हाचे दोन प्रश्न. एक, दुकानातल्या दिव्याखाली प्रत्येक स्क्रीन छान दिसते. तिथून बाहेर येऊन दुपारच्या उन्हात वाचता येते का ते बघा. दुसरा, बऱ्याच फोनच्या पुस्तिकेत ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापरा असे लिहिलेले असते. आपल्याकडे चैत्र-वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो. तापल्याने बॅटरी लवकर म्हातारी होते. फोन बांधावर उन्हात नको आणि चुलीजवळच्या फळीवरही नको. लाइट जाणाऱ्या गावात बॅटरी ५,००० एमएएचची किंवा त्याहून मोठी घ्या.

एक टिकाऊपणा डोळ्यांना दिसत नाही. फोनला कंपनीकडून सुरक्षेचे अपडेट येतात. ते थांबले की काही वर्षांत बँकेची ॲप चालेनाशी होतात. अपडेट किती वर्षे मिळणार, हे विचारूनच घ्या. काही स्वस्त फोनलाही आता ते बरीच वर्षे मिळतात.

जुना फोन घेत असाल तर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबा. पंधरा आकडी आयएमईआय नंबर दिसेल. इंग्रजीत ‘केवायएम’ लिहून, जागा सोडून तो नंबर टाका आणि १४४२२ वर मेसेज करा. फोनची माहिती येते. चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर तेही कळते. फोन नवा असो की जुना, पक्के बिल घ्या आणि त्यावर हा नंबर लिहून घ्या.

महिन्याचा हिशेब

आता गटाच्या भाषेत बोलू. १२,००० रुपये, महिना दोन टक्के व्याज, दहा हप्ते. मुद्दल घटत जाते तसे व्याजही घटते, ते एकूण १,३२० रुपये होते. म्हणजे फोन पडला १३,३२० रुपयांना. तो तीन वर्षे चालला तर महिन्याला ३७० रुपये. दीड वर्ष चालला तर ७४०. आमच्या त्या ताईंचा चार महिने चालला. त्यांना तो महिन्याला ३,३३० रुपयांना पडला. पाचशे-हजाराने स्वस्त की महाग, याच्यापेक्षा किती महिने चालेल हा आकडा आपल्या खिशाला जास्त लागतो.

त्यानंतर आमच्या गटांनी एक रीत पाडली. फोनसाठी कर्ज मागितले की तीन प्रश्न विचारायचे : वापरणार कोण, ठेवणार कुठे, आणि दुरुस्ती कुठे होणार. खरेदीला गटातल्या दोघींनी बरोबर जायचे. मुलाचा सल्ला जरूर घ्यायचा, त्याला आपल्यापेक्षा जास्त कळते. पण फोन हातात धरून बघायचा तो जिचा हप्ता आहे तिने.

त्या ताईंनी दिवाळीनंतर पुन्हा अर्ज केला. घरून विरोध होताच, पण गटाने एकमताने मंजूर केला. दुकानात त्यांनी पर्समधून पाचशेची नोट काढून फोनवर ठेवली, तेव्हा दुकानदाराला वाटले, इसार देताहेत. ताई म्हणाल्या, “थांबा दादा, अजून माप घेतेय.” चार फोन हातात धरून त्यांनी प्लॅस्टिकच्या पाठीचा, जरा अरुंद असा एक निवडला. आता गटाची हजेरी त्याच भरतात.

पुढच्या बैठकीला आपापले फोन बाहेर काढा, एक नोट फिरवा आणि कुणाचा फोन किती वेळा पडलाय ते एकमेकींना विचारा.