चाकं वाढली म्हणजे पुलावरचा भार कमी झाला का?

ट्रकला चाकं वाढवली की हवं तेवढं वजन नेता येतं, ही समजूत मालवाहतुकीत पक्की रुजली आहे. ती निम्मी खरी आहे, म्हणूनच ती सुटत नाही. डांबरी रस्त्याला गाडीचं एकूण वजन फारसं कळत नाही. त्याच्यावरून जाणारा एकेक ॲक्सल किती टेकतो, ते त्याला कळतं. १९५८ ते १९६० या काळात अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ओटावाजवळ मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून जी चाचणी झाली, तिच्यातून ढोबळ नियम निघाला : ॲक्सलवरचं वजन दुप्पट झालं तर रस्त्याची झीज दुप्पट नव्हे, सोळा पट होते. आपल्याकडे २०१८ साली चार टायरांच्या एका ॲक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन झाली. वाढ तेरा टक्क्यांच्या आतबाहेर दिसते, पण या नियमाने त्या ॲक्सलमुळे होणारी झीज सुमारे १.६ पट भरते. यावर उत्तर दिलं जातं की फेऱ्या कमी होतात. होतात, हे मान्य. दोन ॲक्सलच्या गाडीचं एकूण वजन १६.२ वरून १८.५ टनांवर गेलं. रिकामी गाडी सहा टनांची धरली तर पाच फेऱ्यांचा माल जवळपास चारांत जातो. मात्र मागच्या ॲक्सलपुरती त्या चार फेऱ्यांची झीज जुन्या सहांहून अधिक फेऱ्यांइतकी होते.

पुलाचा हिशेब निराळा आहे आणि चाकं मोजून तो सुटत नाही. कोकणातल्या साकवाच्या मधोमध चार माणसं खेटून उभी राहिली तर लाकूड वाकतं. तीच चौघं अंतर राखून गेली तर एक काठाशी असतो, एक उतरलेला असतो आणि मधल्या लाकडावर एकदोघांचाच भार येतो. पुलाच्या गर्डरचंही असंच आहे. म्हणून अमेरिकेत १९७५ पासून आंतरराज्य महामार्गांसाठी जे सूत्र लागू आहे, त्यात ॲक्सलच्या संख्येइतकंच पहिल्या आणि शेवटच्या ॲक्सलमधल्या अंतराला महत्त्व आहे. पाच ॲक्सल ५१ फुटांत पसरले असतील तर ३६.३ टन चालतात. तेच पाच ४१ फुटांत दाटले तर ३३.३ टनच. आता त्याच ४१ फुटांत चार ॲक्सल असते तर मर्यादा ३१.५ टन असती. म्हणजे लांबी न वाढवता पाचवा ॲक्सल जोडल्याने मिळाले १.८ टन, आणि नवं चाक न लावता दहा फूट लांबी वाढवल्याने तीन टन. शिवाय जोडलेल्या ॲक्सलचं स्वतःचं वजनही त्या १.८ टनांतूनच वजा होतं.

मग शेकडो टनांचा ट्रान्सफॉर्मर घेऊन जाणारा हायड्रॉलिक ॲक्सलचा ट्रेलर पुलावरून जातोच कसा, असा आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पूलविषयक संहितेत अशा वाहनाचा नमुनाच दिला आहे : ट्रॅक्टर धरून एकूण ३८५ टन, ट्रेलरला वीस ॲक्सल, प्रत्येकावर १८ टन, दोन ॲक्सलमध्ये दीड मीटर. म्हणजे ३६० टनांचं ओझं जवळजवळ तीस मीटरवर अंथरलेलं असतं. गाळा त्याहून आखूड असेल तर ते सबंध त्याच्यावर एकदम येत नाही. पण नुसत्या पसरण्यावर भागत नाही. ही गाडी पुलाच्या मध्यरेषेजवळून, ताशी पाच किलोमीटरहून कमी वेगाने जायची आणि तेवढा वेळ पुलावर दुसरं वाहन नसायचं, असं गृहीत धरूनच हिशेब केलेला असतो. ताशी साठच्या वेगातले धक्के, ब्रेकचा जोर, शेजारून जाणारी वाळूची गाडी, यांतलं काहीही त्यात धरलेलं नाही. त्यामुळे ओडीसीचा, म्हणजे नेहमीच्या मापाबाहेरच्या मालाचा, परवाना दाखवून ‘पूल एवढं सोसतोच की’ म्हणणं चूक आहे. त्या अटी पाळल्या तरच तो सोसतो.

राहिला वजनकाटा. काट्यावर एकूण वजन मर्यादेत बसलं म्हणजे झालं, असं मानणारे खूप आहेत. पण सगळी गाडी एकदम तोलणारा काटा कोणत्या ॲक्सलवर किती आलं ते सांगत नाही. मागच्या दोन ॲक्सलवर प्रत्येकी दहा टन आहेत असं धरू. टायर वाचवायला भरल्या गाडीत त्यांतला लिफ्ट ॲक्सल, म्हणजे वर घेता येणारा, उचलला तर उरलेल्या एकावर जवळपास वीस टन येतात, आणि जिथे दोन ॲक्सल मिळून दोन एकक झीज करत होते तिथे एकटा सोळा एकक करतो. काट्याची पावती दोन्ही वेळा तीच येते.