घुमाऱ्याची छाटणी

नाशिक रोडच्या मुक्तिधामात चार माणसं एकदम बोलली की शब्द एकमेकांत मिसळतात. संगमरवर आवाज पीत नाही, परत फेकतो. जेल रोडकडच्या एखाद्या घरगुती स्टुडिओत नेमकं उलटं चाललेलं असतं. भिंतींवर गाद्या, दारावर गोधडी, पंखा बंद, आणि मालगाडी निघून जाईपर्यंत गायकानं थांबायचं. खोलीचा स्वतःचा नाद असा मारून टाकायचा आणि मग संगणकात दुसरी, हवी तशी खोली उभी करायची. त्या कृत्रिम खोलीचं नाव रिव्हर्ब, म्हणजेच घुमारा.

ही खोली पूर्वी लोखंडाची होती. १९५७ साली जर्मनीत आलेलं ईएमटी १४० हे यंत्र म्हणजे लाकडी पेटीत टांगलेला पोलादाचा मोठा पत्रा, वजन पाव टनाच्या वर. पत्र्याला आवाजानं थरथरवायचं आणि ती थरथर पुन्हा टिपायची. लंडनच्या ॲबी रोड स्टुडिओतल्या मंडळींनी घुमाऱ्याकडे जाणारा आवाज आधी गाळून घ्यायची सवय लावली: साधारण ६०० हर्ट्झच्या खालचं आणि १० हजारच्या वरचं आत सोडायचंच नाही. आजही ही युक्ती शिकवली जाते, आणि माझ्या मते महागड्या प्लगइनपेक्षा तिचाच उपयोग जास्त होतो.

कारण बिघाड नेहमी दोन टोकांना होतो. ढोलकीच्या धुमेला रिव्हर्ब लागला की खालचा भाग गढूळ होतो, पुढची थाप मागच्या थापेच्या शेपटीत बुडते. वरच्या टोकाला ‘स’, ‘श’, ‘च’ फिसकारतात. म्हणून लो-कट २५०-३०० हर्ट्झच्या आसपास आणि हाय-कट ६-७ हजारांवर ठेवून सुरुवात करावी, पुढचं कानावर सोडावं. फिल्टर रिव्हर्बच्या आधी की नंतर, यावर तासन् तास वाद होतात. साध्या रिव्हर्बला गणिताच्या दृष्टीनं फरक पडत नाही. मध्ये कॉम्प्रेसर किंवा डिस्टॉर्शन आलं की मात्र पडतो.

खरी गंमत वेळेची आहे. खऱ्या सभागृहात उंच स्वर आधी मरतात, खालचे रेंगाळतात. पडदे, माणसांचे कपडे, हवासुद्धा वरचा आवाज लवकर खाते. स्थिर फिल्टर सगळ्या शेपटीला सारखाच कापतो. एन्व्हलप, म्हणजे वेळेनुसार किंमत बदलणारी रेघ, फिल्टरला हलवतं: घुमारा उजळ सुरू होतो आणि विरता विरता काळोखा होत जातो. मूळच्या बेल्जियमच्या एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरमधल्या कन्व्हॉल्व्हर नावाच्या रिव्हर्बमध्ये तर घुमाऱ्याचा चढ-उतार रेघ ओढून बदलता येतो.

ही रेघ अचानक शून्यावर आणली की गेटेड रिव्हर्ब. १९८० मध्ये पीटर गॅब्रिएलच्या ध्वनिमुद्रणात फिल कॉलिन्सचा ड्रम आणि ह्यू पॅडगम यांची ध्वनिरचना यांतून तो गाजला. मोठ्ठ्या दालनाचा स्फोट आणि लगेच शांतता. असं दालन निसर्गात नाही. हळदीच्या रिमिक्समधल्या टाळ्या ऐका, तोच चटका.

गाण्याला मात्र उलटा एन्व्हलप मानवतो. शब्द चालू असेपर्यंत गायकाचाच आवाज रिव्हर्बला दाबून ठेवतो, ओळ संपली की रिव्हर्ब वर येतो. बोल स्पष्ट राहतात, तरी गाणं कोरडं वाटत नाही. प्री-डिलेही लयीतून काढावा. मिनिटाला १०० मात्रा असतील तर एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, तिचा सोळावा भाग ३७.५. एवढ्या उशिरा घुमारा आला तर शब्दाची पहिली ठोकर मोकळी राहते.

हेडफोनवर गोड वाटलेलं मिक्स मोबाइलच्या एका स्पीकरवर तपासावंच. डाव्या-उजव्या बाजूंच्या फरकावर उभा असलेला घुमारा तिथे निम्मा गळून जातो. मिरवणुकीच्या डीजेसाठी तर वेगळीच प्रत काढावी, रिव्हर्ब बराच कमी करून. दोन्ही बाजूंना चार मजली इमारती असलेली गल्ली तिचा घुमारा फुकट देते, आणि त्याला कुठलाही फिल्टर लावता येत नाही.